‘गो’: प्रतिस्पर्ध्याला रोखायला काढलेली, प्रतिस्पर्ध्यालाच विकली गेलेली विमानकंपनी

22 मे 1998 रोजी लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावरून, ब्रिटिश एअरवेजने काढलेल्या ‘गो’ या नव्या स्वस्त विमानकंपनीचं पहिलं विमान रोमला निघालं. प्रवाशांत भडक नारिंगी बॉयलर सूट घातलेली काही मंडळी होती. त्यांनी रीतसर तिकीट काढलं होतं, आणि विमानात बसल्यावर ते इतर प्रवाशांना इझीजेट या प्रतिस्पर्धी स्वस्त विमानकंपनीच्या फुकट प्रवासाची कुपनं वाटू लागले. त्यांचा म्होरक्या होता इझीजेटचा संस्थापक स्टेलिओस हाजी-इओआनू. ‘गो’च्या प्रमुख बार्बरा कासानी त्याच विमानात होत्या आणि आपल्या कंपनीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याच कंपनीची जाहिरात चाललेली पाहत होत्या.

2002 च्या मे महिन्यात याच इझीजेटने ‘गो’ विकत घेण्याचा करार जाहीर केला. किंमत 37.4 कोटी पाउंड.

ही हकिगत बहुधा भाड्यांच्या लढाईची गोष्ट म्हणून सांगितली जाते. भाड्यांची लढाई झाली, आणि तिच्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. पण ‘गो’चं भवितव्य भाड्यांनी ठरवलं नाही, मालकीने ठरवलं, असं माझं मत आहे. कंपनी कोणाची आणि कशासाठी काढलेली, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून तिच्या पायात होत्या.

दार उघडलं ते असं

युरोपात विमानभाडी आणि मार्ग दीर्घकाळ सरकारांच्या आपसांतल्या करारांनी ठरत. दोन देशांमधल्या मार्गावर दोन्हींच्या राष्ट्रीय कंपन्या, भाडं जवळपास एकच, आणि तिसऱ्याला जागा नाही. युरोपीय समुदायाने 1987, 1990 आणि 1992 अशा तीन टप्प्यांत हे मोडून काढलं. तिसरा टप्पा 1 जानेवारी 1993 पासून लागू झाला आणि परवाना असलेली कोणतीही युरोपीय कंपनी समुदायातल्या देशांमध्ये हव्या त्या मार्गावर हव्या त्या भाड्याने उडू लागली. एप्रिल 1997 पासून दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गांवरही मुभा मिळाली.

आयर्लंडची रायनएअर आधीपासून होती. अमेरिकेच्या साउथवेस्ट या स्वस्त विमानकंपनीचा धडा गिरवून तिने नव्वदच्या दशकात स्वतःला नव्याने घडवलं, आणि 1994 पासून मायकेल ओलिअरी तिचा प्रमुख होता. नोव्हेंबर 1995 मध्ये स्टेलिओसने लंडनच्या ल्यूटन विमानतळावरून स्कॉटलंडची फेरी सुरू केली. एका बाजूचं भाडं 29 पाउंड, म्हणजे जीन्सच्या पँटीएवढं, अशी जाहिरात होती. बुकिंगचा फोन नंबर विमानाच्या अंगावरच मोठ्या आकड्यांत रंगवलेला, कारण ट्रॅव्हल एजंटला दलाली द्यायचीच नव्हती. 1996 मध्ये ल्यूटनवरूनच डेबोनेअर सुरू झाली. तिने सीटांमधली जागा ऐसपैस ठेवली, मात्र भाडं स्वस्त. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद पडली.

डेबोनेअरवर क्षणभर थांबायला हवं. स्वस्त विमानकंपनी म्हणजे कमी भाडं असं प्रवाशाला दिसतं. कंपनीच्या बाजूने ती कमी खर्चाची यंत्रणा असते, आणि भाडं हा तिचा परिणाम. एकाच जातीची विमानं, म्हणजे पायलटांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग एकच. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत पंचवीस मिनिटं, म्हणजे तेच विमान दिवसात एकदोन फेऱ्या जास्त करतं. सीटा दाटीने. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरळ जायचं, सामान पुढच्या विमानात चढवण्याची जबाबदारी नाही. यातलं एक जरी सैल सोडलं तरी भाडं तेच ठेवणं अवघड होतं. डेबोनेअरने तेच केलं होतं.

आधी बोलणी, मग स्पर्धा

ब्रिटिश एअरवेजचा तेव्हाचा प्रमुख बॉब एलिंग. 1997 मध्ये त्याने स्टेलिओसशी संपर्क साधला आणि इझीजेटमध्ये हिस्सा घेण्याबद्दल दोन्ही बाजूंची बोलणी झाली. ती फिसकटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजने स्वतःची स्वस्त कंपनी काढणार असल्याचं जाहीर केलं. आपला धंदा आतून पाहून घेतला आणि मग त्याचीच नक्कल केली, असा आरोप इझीजेटने केला. ब्रिटिश एअरवेजने तो कधी मान्य केला नाही.

मोठ्या कंपनीने भागीदारीची बोलणी करायची आणि ती मोडल्यावर तीच कल्पना स्वतः राबवायची, हे अनेक व्यवसायांत घडतं. बेकायदा असेलच असं नाही. पण लहान कंपनीच्या मालकासाठी यातून निघणारा बोध रोकडा आहे. समोरच्याचा हेतू खरेदीचा आहे की टेहळणीचा, हे त्याच्या शब्दांवरून ओळखता येत नाही. म्हणून बोलणी कोणत्या टप्प्यावर असताना कोणते आकडे दाखवायचे, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

‘गो’साठी ब्रिटिश एअरवेजने 2.5 कोटी पाउंड बाजूला काढले. अमेरिकी असलेल्या कासानी तेव्हा ब्रिटिश एअरवेजच्या अमेरिकेतल्या कारभाराच्या प्रमुख होत्या. नव्या कंपनीची धुरा त्यांच्याकडे आली. मुख्य कंपनीच्या हीथ्रोपासून दूर, स्टॅनस्टेडला तळ ठरला. विमानं बोइंग 737-300, सगळी भाड्याने घेतलेली.

इझीजेट न्यायालयात गेली. ब्रिटिश एअरवेज बाजारातली प्रबळ कंपनी आहे, ती ‘गो’चा तोटा स्वतःच्या नफ्यातून भरून काढणार, आणि विमानांच्या भाडेकराराला तिची हमी असल्यामुळे ‘गो’ला विमानंही एखाद्या नव्या कंपनीला मिळणार नाहीत अशा दराने मिळतात, असं तिचं म्हणणं होतं. हे प्रबळ स्थानाच्या गैरवापराचं प्रकरण आहे, असा दावा तिने युरोपीय स्पर्धा कायद्याखाली लावला. ब्रिटिश एअरवेजने दावा सुरुवातीलाच फेटाळण्याची मागणी केली. न्यायाधीशांनी ती मान्य केली नाही. ‘गो’ची उड्डाणं मात्र कोणी थांबवली नाहीत.

मला हा दावा पोकळ वाटत नाही. हमीचा मुद्दा तर नेमका होता. विमान भाड्याने देणारी कंपनी भाडेकरूची पत पाहून दर लावते. कालपरवा जन्मलेल्या कंपनीची पत शून्य असते, आणि पाठीशी ब्रिटिश एअरवेज उभी असली की ती पत एका सहीने बदलते. त्या सहीची किंमत ‘गो’च्या हिशेबात कुठे लिहिली जाते? ती बाजारभावाने लिहिली नसेल तर ती सवलतच आहे. पण इझीजेटने न्यायालयाबाहेर या दाव्याचा वापर प्रसिद्धीसाठीही भरपूर केला. ‘गो’ला पहिल्या वर्षी किती तोटा होईल याचा अंदाज सांगा आणि फुकट प्रवास जिंका, अशी स्पर्धा तिने जाहीर केली. मोठ्याविरुद्ध छोटा हे चित्र लोकांच्या मनात ठसलं आणि इझीजेटचं नाव घरोघरी पोचलं. स्पर्धकाच्या जन्माचा असा फायदा उचलणं फार थोड्यांना साधतं.

कासानींनी काय बांधलं

‘गो’ इझीजेटची हुबेहूब नक्कल नव्हती, हे तिच्या विरोधकांनी कधी मोकळेपणाने मान्य केलं नाही. प्रवाशाला चेक-इनच्या वेळी ठरलेली सीट मिळे, झुंबड नाही. कॉफी चांगली, अर्थात विकत. विमानांवर रंगीत वर्तुळं. भाडं कमी असलं तरी प्रवाशाला कमी लेखायचं नाही, अशी तिची भूमिका होती, आणि कर्मचाऱ्यांमध्ये ती उतरली होती.

ठरलेली सीट देण्यात थोडा वेळ जातो, आणि डेबोनेअरबद्दल जे लिहिलं ते इथेही लागू पडायला हवं होतं. फरक असा की कासानींनी खर्चाच्या मोठ्या बाबींना हात लावला नाही. एकच जातीचं विमान, दाट सीटा, थेट विक्री हे सगळं तसंच राहिलं. सौजन्याला पैसे लागत नाहीत, आणि ठरलेल्या सीटला लागणारे पैसे विमानात दोन रांगा कमी करण्याच्या तुलनेत नगण्य असतात.

सुरुवातीला तोटा झाला. मार्च 2001 ला संपलेल्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या आर्थिक वर्षात, कंपनी नफ्यात आली. विमानकंपनीसाठी हा वेग चांगला म्हणावा लागेल. आणि नेमक्या त्याच वेळी मालकाला ती नकोशी झाली होती.

नफ्यात आल्यावर विक्री

कारण ब्रिटिश एअरवेजमध्ये सत्ता बदलली होती. खासगीकरणानंतर पहिल्यांदाच कंपनीने तोटा दाखवला, 2000 च्या मार्चमध्ये एलिंग गेला आणि मे महिन्यात रॉड एडिंग्टन आला. जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशावर लक्ष केंद्रित करायचं असं धोरण ठरलं. त्या धोरणात स्वस्त कंपनी बसत नव्हती. शिवाय ‘गो’चे प्रवासी कुठून येतात हा प्रश्न होताच. त्यातले काही इझीजेटकडून खेचलेले, काही पूर्वी विमानाने न जाणारे. पण काही ब्रिटिश एअरवेजच्याच विमानात महाग तिकीट काढून बसले असते असे. ‘गो’ जितकी वाढेल तितका हा तिसरा वाटा वाढणार होता.

माझ्या मते प्रकरणाची मेख इथे आहे. मोठ्या कंपनीने प्रतिस्पर्ध्याला रोखण्यासाठी स्वस्त कंपनी काढली की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. ती अपयशी ठरली तर पैसे बुडाले. यशस्वी ठरली तर ती घरच्याच गिऱ्हाइकाला हात घालते, आणि मुख्य कंपनीतले अधिकारी, पायलट, संघटना सगळे तिच्याकडे संशयाने पाहू लागतात. अमेरिकेत काँटिनेंटलची ‘लाइट’ 1995 मध्ये आवरली गेली, डेल्टाची ‘साँग’ 2003 मध्ये निघून 2006 मध्ये संपली, युनायटेडची ‘टेड’ 2004 ते 2009. कारणं प्रत्येकाची वेगळी, पण घरातली ओढाताण सगळ्यांत होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने 2004 मध्ये सुरू केलेली जेटस्टार टिकली. तिथे कोणते मार्ग कोणाचे हे मालकाने आधी वाटून दिलं होतं आणि दोन्ही कंपन्या आपल्याच आहेत हे मनापासून स्वीकारलं होतं. ब्रिटिश एअरवेजने ‘गो’ला दूरच्या तळावर ठेवलं, पण आपण तिचे नक्की कोण, पालक की वापरकर्ते, हे कधी ठरवलं नाही.

जून 2001 मध्ये ‘गो’ची विक्री झाली. गुंतवणूक कंपनी थ्री-आयच्या पैशावर कासानी आणि त्यांच्या व्यवस्थापनाने ती घेतली. कर्मचाऱ्यांनाही हिस्सा मिळाला. सौदा सुमारे 11 कोटी पाउंडांचा. 2.5 कोटींचे 11 कोटी झाले, म्हणजे ब्रिटिश एअरवेजच्या दृष्टीने व्यवहार बरा होता, असं त्या दिवशी म्हणता आलं असतं.

डब्लिन

स्वतंत्र झालेल्या ‘गो’ने काही महिन्यांतच डब्लिनहून एडिनबरा आणि ग्लासगोच्या फेऱ्या जाहीर केल्या. डब्लिन म्हणजे रायनएअरचं घर. ग्लासगोसाठी रायनएअर आधीपासूनच प्रेस्टविक विमानतळावर उतरत होती. ‘गो’ येताच रायनएअरने या मार्गांवर भाडी पार तळाला नेली. आयर्लंडची राष्ट्रीय कंपनी एअर लिंगसही मैदानात होतीच. ‘गो’ने काही महिने तग धरला आणि 2002 मध्ये माघार घेतली.

ही लढाई कोण कशी जिंकतो, हे समजून घेण्यासारखं आहे. उडालेल्या विमानातली रिकामी सीट पुन्हा विकता येत नाही. एक जादा प्रवासी बसवण्याचा खर्च फारच थोडा असतो: विमानतळाचं माणशी शुल्क आणि किंचित इंधन. म्हणून फेरी ठरली की तिकीट कितीही स्वस्तात विकणं त्या क्षणी शहाणपणाचंच ठरतं. दोन कंपन्यांनी एकाच मार्गावर फेऱ्या ठेवल्या की दोघीही तोच शहाणपणा करतात आणि भाडं खर्चाच्या कितीतरी खाली जातं. तिथून पुढे तिकीट कोणाचं स्वस्त याला अर्थ उरत नाही. तोटा कोणाला जास्त काळ सोसवतो, एवढंच उरतं.

रायनएअरला सोसवत होता. शेअर बाजारातून आलेला पैसा आणि साठवलेली रोकड तिच्या हाताशी होती. तिच्या जुन्या 737-200 विमानांपैकी बरीच स्वतःच्या मालकीची होती. ‘गो’ला विमानांचं भाडं दरमहा मोजावं लागे. रायनएअरसाठी डब्लिन–स्कॉटलंड हा कित्येक मार्गांपैकी एक होता, त्यातला तोटा ती बाकीच्या मार्गांवर पसरवू शकत होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिला हा मार्ग जिंकण्यापेक्षा एक गोष्ट सगळ्या बाजाराला दाखवायची होती: डब्लिनला आलात तर असं होतं.

याला शिकारी भाडं, म्हणजे स्पर्धकाला संपवण्यासाठी मुद्दाम खर्चाखाली लावलेलं भाडं, म्हणायचं का? युरोपीय न्यायालयाने 1991 च्या अक्झो खटल्यात एक कसोटी घालून दिली. प्रबळ कंपनीने सरासरी बदलत्या खर्चाच्याही (म्हणजे माल किंवा सेवा जितकी जास्त तितका वाढणाऱ्या खर्चाच्याही) खाली किंमत लावली तर तो गैरवापर मानायचा. बदलत्या खर्चाच्या वर पण एकूण खर्चाच्या खाली असेल, तर स्पर्धकाला संपवण्याचा हेतू दाखवावा लागेल. कारखान्याला ही कसोटी नीट लागते. विमानकंपनीला लावताना आधी ठरवावं लागतं की बदलता खर्च नक्की कशाचा. एका प्रवाशाचा धरला तर तो इतका कमी की कोणतंही भाडं निर्दोष ठरेल. एका फेरीचा धरला तर इंधन, उतरण्याचं शुल्क, विमानतळावरची सेवा हे सगळं येतं. अख्ख्या मार्गाचा धरला तर विमान आणि पायलटही येतात, कारण मार्ग बंद केला तर ते दुसरीकडे वापरता येतात. मला तिसरी मोजणी योग्य वाटते, कारण प्रतिस्पर्धी आल्यावर कंपनी जो निर्णय घेते तो एका सीटबद्दल नसतो, मार्गावर राहायचं की नाही याबद्दल असतो.

पण त्याआधी प्रबळ स्थान सिद्ध व्हावं लागतं, आणि तीन कंपन्या उडत असलेल्या मार्गावर ते सोपं नाही. शिवाय खर्चच मुळात कमी असलेल्या कंपनीचं भाडं दुसरीला परवडत नाही, एवढ्यावरून ते शिकारी ठरत नाही. इझीजेटने 1998 मध्ये ब्रिटिश एअरवेजविरुद्ध जो मुद्दा मांडला होता तो जास्त भक्कम होता: तिथे तोटा भरून काढणारा हात वेगळ्या, महाग बाजारातून येत होता. डब्लिनला तो हात त्याच धंद्यातून, कमी खर्चातून आलेला होता. तेवढ्यापुरतं मी रायनएअरला दोष देणार नाही. माघारीनंतर त्या मार्गावरच्या प्रवाशाला पुढे काय मोजावं लागलं, यावर मात्र नियामकाने डोळा ठेवायला हवा असतो, आणि सर्वसाधारणपणे तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं.

याच सुमारास ईस्ट मिडलंड्स विमानतळावर ‘गो’ तळ उभारणार असं जाहीर झालं आणि तिथल्या बीएमआय कंपनीने 2002 च्या मार्चमध्ये बीएमआयबेबी ही स्वतःची स्वस्त कंपनी उतरवली. ब्रिटिश एअरवेजने इझीजेटसोबत जे केलं तेच आता ‘गो’सोबत झालं.

खरेदी

11 सप्टेंबर 2001 नंतर मोठ्या कंपन्यांची विमानं रिकामी जाऊ लागली. स्वस्त कंपन्यांनी भाडी उतरवून प्रवासी परत आणले आणि विमानांच्या पडलेल्या बाजारात खरेदीची संधी साधली. रायनएअरने 2002 च्या जानेवारीत 100 नवी बोइंग 737-800 मागवली. याचा अर्थ इझीजेटला नीट कळत होता. लवकर मोठं झालं नाही तर कायम दुसऱ्या क्रमांकावर राहावं लागेल.

इझीजेटचा तळ ल्यूटन, लिव्हरपूल, गॅटविक इथे होता. ‘गो’कडे स्टॅनस्टेड, ब्रिस्टल आणि ईस्ट मिडलंड्स होतं. मार्ग एकमेकांवर फारसे येत नव्हते, विमानांची जात एकच, पायलट तयार. हे सगळं नव्याने उभारायला काही वर्षं लागली असती. थ्री-आय गुंतवणूक कंपनी होती. चांगला भाव आला की बाहेर पडणं हाच तिचा व्यवसाय. कासानींना शेअर बाजारात उतरून स्वतंत्र राहायचं होतं. भाव आला आणि त्यांचं चाललं नाही. नियामकांनी व्यवहार अडवला नाही. ऑगस्ट 2002 पर्यंत तो पूर्ण झाला, कासानी बाहेर पडल्या, आणि इझीजेट युरोपातली सर्वांत मोठी स्वस्त विमानकंपनी झाली.

अकरा महिन्यांत 11 कोटींचे 37.4 कोटी. ब्रिटिश एअरवेजवर यावरून टीका झाली. ती अर्धीच रास्त आहे. जून 2001 मध्ये तीन महिन्यांनी काय होणार हे कोणाला ठाऊक नव्हतं. चूक किमतीत नव्हती. आपल्याला कशाची गरज आहे हे ओळखण्यात होती, कारण फेब्रुवारी 2002 मध्ये ब्रिटिश एअरवेजने स्वतःच्या नावावर युरोपातली भाडी सोपी आणि स्वस्त करण्याचं, इंटरनेटवरून विक्री वाढवण्याचं धोरण जाहीर केलं. जे शिकायला तीन वर्षं घरात शाळा होती, ते शाळा विकल्यावर शिकायला घेतलं.

नियामकांशी माझ्या मतभेदाचं कारण वेगळं आहे. मार्ग एकमेकांवर येत नाहीत म्हणून विलीनीकरणाने स्पर्धा कमी होत नाही, असा हिशेब केला जातो. पण स्वस्त कंपन्यांच्या बाजारात स्पर्धा आजच्या मार्गांवर जेवढी असते, तेवढीच उद्या कोण कोणत्या मार्गावर येऊ शकतं या धाकात असते. ‘गो’ डब्लिनला गेली, हरली, पण ती जाऊ शकते हे रायनएअरला धरून चालावं लागत होतं. ल्यूटनला इझीजेटनेही तेच धरून चालायला हवं होतं. तो धाक कोणत्याही मार्गाच्या तक्त्यात दिसत नाही. आणि 2003 मध्ये रायनएअरने केएलएम या डच विमानकंपनीची ‘बझ’ घेतली तेव्हा स्टॅनस्टेडवरून आणखी एक स्वस्त कंपनी कमी झाली.

2002 च्या ऑक्टोबरमध्ये इझीजेटने 120 एअरबस ए319 मागवली. दोन जातींची विमानं चालवणं तिच्या मूळ नियमात बसत नव्हतं, तरी एअरबसचा भाव पाहून तिने ते पत्करलं, आणि ‘गो’कडून आलेली 737-300 ताफ्यातून जाणार हे तेव्हाच ठरलं. मार्च 2003 अखेर ‘गो’चं नाव वेळापत्रकातून गेलं. रोमची सकाळची फेरी स्टॅनस्टेडवरून सुटत राहिली, नारिंगी शेपटीच्या विमानाने.